भिंतीवरची म्हातारी

चौकशी अहवालाचे पहिले वाक्य असे आहे : "सदर चित्रकर्तीस संपूर्ण सर्जनशील स्वातंत्र्य तसेच प्रेरणेस पोषक वातावरण उपलब्ध करून देण्यात आले होते." हे वाक्य मी तीनदा वाचले. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. याहून अधिक चांगले त्याच्याविषयी बोलता येत नाही.

सदर चित्रकर्ती म्हणजे माझी धाकटी बहीण. रुग्णालयाच्या प्रतीक्षालयासाठी वीस फूट लांबीचे चित्र तिच्याकडे सोपवले गेले आणि ते पुरे होईपर्यंत तिथल्याच जुन्या इमारतीतली तळमजल्याची एक खोली तिला देण्यात आली. चित्रात बाकावर वाट पाहत बसलेली बारा माणसे. सात झाली, आठवे होईना. अहवाल मान्य झाला तर खोली जाईल, चित्र दुसऱ्याच्या हाती जाईल आणि तिच्या सात माणसांना खेटून कोणीतरी पाच गोजिरवाणी माणसे बसवील.

आता स्वातंत्र्य पाहू. काम देताना भरून घेतलेल्या अर्जात 'प्रेरणास्रोत' असा रकाना होता. त्यात निसर्ग, परंपरा, समाज, इतर असे चार पर्याय. तिने 'इतर'पुढे लिहिले : भिंत. कारकुनाला ते तोकडे वाटले असावे. त्याने टंकलिखित प्रतीत 'भिंतीपलीकडचे विश्व' असे करून टाकले.

तिला मात्र भिंतच म्हणायचे होते. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरात नळाचा एक जोड वर्षानुवर्षे गळत होता आणि ते पाणी झिरपून तिच्या खोलीच्या भिंतीवर ओलीचे डाग उमटले होते. रोज सकाळी ती स्टूल ओढून त्या डागांसमोर तासभर बसे, मग रंग कालवी. सातही माणसे तिथूनच उतरली होती. आठव्या जागी मांडीवर गाठोडे घेतलेली एक म्हातारी यायची होती.

बहीण चार दिवस तापाने घरी राहिली. तेवढ्यात पोषक वातावरण येऊन गेले : नळाला नवा जोड, भिंतीला लांबी म्हणजे पुट्टी, वर पांढऱ्या रंगाचे दोन हात. पाचव्या दिवशी मी तिला सोबत म्हणून गेलो.

"वा! खोली कशी लख्ख झाली गं!" मी म्हणालो.

ती दारातच थबकली. "दादा, माझी म्हातारी गेली."

"कोण म्हातारी?"

"भिंतीवरची. काल-परवा कुठे तिला हात फुटायला लागला होता."

व्यवस्थापकांना बोलावले. ते सद्गृहस्थ आहेत. हेच त्यांचे सर्वांत घातक शस्त्र.

"ताई, डागच हवेत ना? मग त्यात काय! आमचा रंगारी ब्रशने काढून देईल. किती हवेत सांगा."

"साहेब, ते काढून येत नाहीत."

"मग फोटो तरी काढून ठेवायचात आधी."

"फोटोतली ओल वाढत नाही हो. भिंतीवरची वाढते, तशी म्हातारी वाकते. ती बसायची कशी, ते मला अजून कळायचं होतं."

"म्हणजे भिंत खराब होण्याची तुम्ही वाट बघत होतात?"

"हो."

व्यवस्थापकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की घरातला वडीलधारा म्हणून मी काही बोलावे. मी बोललो नाही. त्याचे कारण परिशिष्ट 'क'मध्ये आहे.

तिथे एक पत्र जोडले आहे. 'सदर खोलीतील ओल माझ्या भगिनीच्या प्रकृतीस आणि तिच्या कलेस तितकीच घातक असून तिचा तातडीने बंदोबस्त व्हावा.' पत्र माझे आहे. प्रेरणेच्या उगमावर दोन जाडजूड खंड लिहिलेल्या मनुष्याने स्वतःच्या बहिणीला एवढे विचारले नाही, की बाई गं, तू रोज तासभर बघतेस तरी काय? यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. इथे हात माझा आणि अवलक्षण तिच्या वाट्याला. बाकी अर्जांना दोन-दोन वर्षे दाद न देणाऱ्या कार्यालयाने नेमक्या याच पत्राची चार दिवसांत दखल घ्यावी, यावर चौकशी समितीला काहीही म्हणायचे नाही.

समितीला म्हणायचे आहे ते भिंतीविषयी. नव्या रंगावर छतापासून कमरेपर्यंत ओरखडे आढळले. सबब मालमत्तेची हानी. मी समितीपुढे दीड तास बोललो, आधारांसह. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी अध्यक्षांनी घड्याळ पाहिले आणि बहिणीला विचारले, "तुम्हाला स्वतःला काही सांगायचंय?" तिने सांगितले. लेखनिकाने ते शब्दशः उतरवून घेतले आहे, आणि अख्ख्या अहवालात विश्वासार्ह मजकूर तेवढाच असल्यामुळे मी तो जसाच्या तसा देतो :

"होय, भिंत मीच खरवडली. रंग गेला, लांबी गेली, विटा दिसल्या; म्हातारी नाही दिसली. पत्र दादाचं आहे, पण त्याला बोलू नका. तो पुस्तकं वाचतो, भिंती त्याला येत नाहीत. आणि वरच्या नळाचा नवा जोडही मीच पान्यानं सैल केलाय, परवाच. ओल खाली उतरायला तीन आठवडे लागतात. तोवर मला चित्राचं विचारू नका, आणि कृपा करून नळवाल्याला पाठवू नका."