प्लगाला बांधलेला दोरा

बाईंनी टेबलाखाली वाकून संगणकाच्या प्लगाला पांढरा दोरा गुंडाळला आणि दुसरं टोक टेबलाच्या पायाला बांधलं. प्लग कुणी उपसला, तर दोरा तुटणार. गुडघे दाबत त्या उठल्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणासाठी सापळा लावायची ही त्यांची पहिलीच वेळ होती.

प्रसूतिगृहातल्या जुन्या जन्मनोंदी संगणकात उतरवायचं काम त्यांच्याकडे होतं. रजिस्टरं अशी जीर्ण, की पान उलटलं की कडा झडून मांडीवर पडत. काही पानं तर एकदा वाचली की पुन्हा वाचण्याजोगी उरतच नसत. बाई भिंग धरून एकेक अक्षर लावत आणि मगच टाइप करत.

चार महिन्यांपूर्वी नवा संगणक आला आणि कटकट मागे लागली. सकाळी सुरू केला की पहिली तक्रार हीच: मागच्या वेळी नीट बंद केलं नव्हतं. दोनदा तर आदल्या संध्याकाळच्या नोंदीच गायब झाल्या. बाई स्वतः शिस्तीच्या. निघताना संगणक बंद करायची आज्ञा द्यायच्या, स्क्रीन काळी झाली की भिंतीवरचं बटणही आठवणीनं बंद करायच्या. मग मागाहून चालू करतं कोण?

त्यांच्यानंतर खोलीत येत त्या फक्त झाडलोटीच्या मावशी. त्यांनी एकदा फडकं हातात धरून विचारलंही होतं, "हे चालू कसं करतात हो, बाई?" तेव्हा बाई हसल्या होत्या. आता तो प्रश्न त्यांच्या डोक्यात घर करून बसला. कुणाची चाहूल लागली की घाईघाईत प्लग उपसत असणार, दुसरं काय!

सकाळी दोरा तुटलेला होता.

बाई कुणाला काही बोलल्या नाहीत. पण त्याच आठवड्यात नोंदींची फाइल उघडेचना. तीन आठवड्यांचं काम गेलं. त्या तडक साहेबांकडे गेल्या, तुटका दोरा मुठीत घेऊन.

साहेबांनी मावशींना बोलावून घेतलं.

"प्लग काढते मी," मावशी म्हणाल्या. "फरशी पुसताना वायर भिजू नये म्हणून. पण तेव्हा बटण बंदच असतं, साहेब. मला ते चालू करायला येतं कुठं?"

"येत नाही कसं? मलाच विचारत होतात ना?" बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून मावशींची बदली तळघरातल्या धुलाईखान्यात झाली.

दोन दिवसांनी मेकॅनिक आला. बरीच खटपट करून त्यानं निम्म्या नोंदी वाचवल्या. बाकीच्यांबद्दल मान हलवली.

"रोज बंद कसा करता, दाखवा बरं."

बाईंनी दाखवलं. स्क्रीन काळी झाली. सवयीनं हात बटणाकडे गेला.

"अहो, थांबा थांबा!" तो ओरडलाच. "खाली बघा."

टेबलाखालच्या खोक्यावर निळा दिवा जळत होता. आतून बारीक घरघर येत होती.

"स्क्रीन गेली म्हणजे काम संपलं असं नाही. आत अजून लिहिणं चालू असतं. जुना लगेच बंद व्हायचा, हा मिनिटभर घेतो. मधेच वीज तोडली, तर एखाद्याच्या हातून लिहिता लिहिता कागद ओढल्यासारखं होतं. अर्धवट लिहिलेलं मग त्याचं त्यालाच वाचता येत नाही. कधीपासून करताय असं?"

"पहिल्या दिवसापासून," बाई म्हणाल्या. निळा दिवा विझेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

साहेबांनी बाईंचं सगळं ऐकून घेतलं आणि कागदात डोकं घातलं. "जाऊ द्या हो. आता कशाला उकरून काढता? खालीही माणूस हवंच होतं."

बाईंनी आपल्या जागेवर येऊन चार ओळी लिहिल्या: चूक माझी, मावशींचा काहीही संबंध नाही. खाली पूर्ण नावानं सही केली आणि कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. मग जिना उतरून त्या तळघरात गेल्या.

धुलाईखान्यात वाफ कोंडली होती. मावशी एकट्याच चादरींच्या ढिगापाशी उभ्या होत्या.

"मावशी, ते मीच करत होते. रोज. तुमच्यावर उगाच... साहेबांना लिहून दिलंय मी. तुम्ही वर या परत."

मावशींनी एक चादर झटकली. "दोरा मी पाहिला होता, बाई. वाटलं, कशाला तरी बांधला असेल. सोडायला गेले तर तुटला. सकाळी सांगणार होते तुम्हाला."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही सकाळी बोलतच नव्हता माझ्याशी."

बाई चादरींच्या ढिगाजवळ सरकल्या.

"वर नाही यायची मी," मावशी शांतपणे म्हणाल्या. "इथं बरं आहे. काम सरळ आहे."

त्यांनी चादरीचं एक टोक पुढे केलं. मोठ्या चादरीची घडी एकट्यानं नीट बसत नव्हती. बाईंनी पर्स खाली ठेवली आणि दोन्ही कोपरे धरले. दोघींनी चादर ताणली, मधोमध दुमडली आणि समोरासमोर चालत आल्या. मावशींनी बाईंच्या हातातले कोपरे अलगद काढून घेतले, घडी ढिगावर ठेवली आणि दुसरी चादर उचलली.