सांध्यावरचा शिक्का

कृष्णमूर्तींना डॉ. रत्नाकरांचा राग होता, आणि तो असातसा राग नव्हता. सकाळी चामराजपेटला तो त्यांच्याबरोबर बसमध्ये चढायचा आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबर उतरायचा. बायको म्हणायची, "स्वल्प सोडून द्या की आता." पण राग सोडला तर हाताशी राहतं काय, असा कृष्णमूर्तींचा सवाल होता, आणि मला विचाराल तर तो अगदीच चुकीचा नव्हता.

कृष्णमूर्ती विद्यापीठाच्या ग्रंथालयात बाइंडर होते. घराणं बेंगळुरूत तीनशे वर्षांपासूनचं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि लहानपणी वडिलांनी कान पिळून शिकवलेली मोडी. घरी एका पत्र्याच्या पेटीत पूर्वजांचे कागद होते, गुंडाळून ठेवलेले. जुनी रीत अशी, की मजकुराला एक कागद पुरला नाही की त्याखाली दुसरा चिकटवायचा, तोही पुरला नाही की तिसरा. अशा एकेका तुकड्याला बंद म्हणत. पुण्याहून डॉ. रत्नाकर इतिहास विभागात आले, त्यांना पेटीचा वास लागला, आणि एका रविवारी ते घरी येऊन, दोनदा सारू-भात मागून घेऊन, पेटी विद्यापीठाला द्या म्हणाले. कृष्णमूर्तींनी दिली. तेव्हा राग नव्हता, अभिमान होता.

रत्नाकरांना मोडी येत होती, पण अडखळत. दोन वर्षं कृष्णमूर्ती काम सुटल्यावर त्यांच्या खोलीत बसून एकेक गुंडाळी वाचून दाखवत आणि रत्नाकर लिहून घेत. शेवटच्या दोन गुंडाळ्या उरल्या तेव्हा रत्नाकर म्हणाले, "आता मला जमतं, कृष्णमूर्ती. तू उगीच थांबू नकोस." वयानं बारा वर्षांनी लहान माणूस, पण ग्रंथालयातल्या माणसाला अहो म्हणायची त्यांच्या जिभेला सवयच नव्हती. पुढे ग्रंथ निघाला, चारशे पानांचा. आभारांत परदेशातल्या तीन प्राध्यापकांची नावं होती, रत्नाकरांच्या सौभाग्यवतींचं होतं, टंकलेखन करणाऱ्याचंसुद्धा होतं. सगळ्यांत खाली एक ओळ होती: ग्रंथालयातील सेवकवर्गाचेही सहकार्य लाभले. कृष्णमूर्तींनी ती ओळ वाचली आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यांना मानधन नको होतं, शाल नको होती. त्या कामावर आपलं नाव छापलेलं पाहायचं होतं, बस्स.

आगीत तेल ओतलं ते घरच्याच माणसानं. मुलगी शिवानी एम.फिल.ला गेली आणि तिनं मार्गदर्शक म्हणून नेमके रत्नाकर निवडले. जुन्या कागदांवर काम करणारं विभागात दुसरं कोणीच नाही, असं तिनं सांगून पाहिलं. कृष्णमूर्तींनी ऐकून घेतलं नाही. "त्या माणसाचं नाव या घरात काढायचं नाही," ते म्हणाले, आणि नाव निघायचं नाही म्हणजे अभ्यासही निघायचा नाही हे ओघानंच आलं. दीड वर्ष बापलेकीत "भात वाढ" आणि "दार लावून घे" यापलीकडे बोलणं नव्हतं. शिवानी भाड्याचा टाइपरायटर आणून पडवीत खटखट करत बसे आणि कृष्णमूर्ती तिच्याकडे पाठ करून कन्नड पेपर वाचत. प्रबंध पुरा झाल्यावर तिनं तो बसवनगुडीतल्या एका दुकानातून बांधून आणला. बाप विद्यापीठाचा बाइंडर, आणि पोरगी बाहेरून बांधून घेते! हे त्यांना त्या दुकानदाराकडून कळलं. घरी त्यांनी त्याबद्दलही तोंड उघडलं नाही.

विद्यापीठात दर पाच वर्षांनी एक प्रदर्शन भरे. तिथल्या माणसांनी जे जे केलं ते सगळं ग्रंथालयाच्या मोठ्या दालनात मांडायचं. गणितवाल्यांचे कोणालाही न कळणारे निबंध, वनस्पतीशास्त्राच्या बाईंनी रंगवलेली पानंफुलं, परीक्षा विभागातल्या हेडक्लार्कचा कवितासंग्रह, भौतिकीच्या कार्यशाळेत फुंकलेली काचेची नळकांडी, आणि प्रबंध तर गाडीभर. १९९६च्या जानेवारीतल्या प्रदर्शनाच्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. रत्नाकर. आधीच्या ऑक्टोबरात कृष्णमूर्ती आपली वही घेऊन त्यांच्यापुढे उभे राहिले. वहीत पेटीतल्या कागदांची यादी होती: कोणता कागद कोणी, कोणाला, कशासाठी लिहिला, आणि तो कोणी वाचला.

रत्नाकरांनी चार पानं उलटली. "हे काय आहे?"

"माझं काम आहे, सर. मांडायला आणलंय."

"अरे, ही कॅटलॉगिंगची वही झाली. हा रिसर्च नव्हे. उद्या माळी येईल, म्हणेल माझे गुलाब ठेवा."

"हेडक्लार्कांच्या कविता ठेवल्यात की."

"ते क्रिएटिव्ह आहे." रत्नाकर हसले. "तुला हौसच असेल तर बाइंडिंगच्या नमुन्यांचं एक टेबल लाव कोपऱ्यात. आणि हो, माझ्या ग्रंथाची एक प्रत चामड्यात बांध. मधल्या कपाटात ठेवायची आहे. नीट बांध हं, तंजावरचे मोडीचे जाणकार नरसिंहराव उद्घाटनाला येतायत."

"सरी, बांधतो," कृष्णमूर्ती म्हणाले. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

पण देव कुठे न कुठे देतो, आणि बाइंडरला तो पुस्तकाच्या पोटात देतो. ग्रंथ उसवताना शेवटची छायाचित्रं सुटी झाली. रत्नाकरांनी एकट्यानं वाचलेल्या गुंडाळ्यांपैकी एक त्यांत होती, सकवारबाईचं पत्र. सगळ्या ग्रंथात गाजलेलं प्रकरण तेच. नवऱ्यामागे या बाईनं अकरा वर्षं किल्ल्याची चौकी सांभाळली, असं त्या पत्रावरून रत्नाकरांनी सिद्ध केलं होतं आणि दोन परिषदा गाजवल्या होत्या. कृष्णमूर्तींनी तीन बंदांची तीन छायाचित्रं ओळीनं ठेवली आणि त्यांचा हात थांबला. गुंडाळलेल्या कागदाला कसर लागली की ती सगळे वेढे पोखरत जाते, म्हणून उलगडल्यावर तेच भोक ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा दिसतं. पहिल्या दोन बंदांवर भोकं डाव्या कडेला होती. तिसऱ्यावर ती मधोमध होती.

ते उठले, कपाटाची किल्ली घेतली आणि मूळ कागद काढून पालथे केले. जिथे दोन बंद चिकटवायचे तिथे मागच्या बाजूनं सांध्यावर शिक्का मारायची पद्धत होती, अर्धा वरच्या कागदावर, अर्धा खालच्या, म्हणजे मधला बंद कोणी बदलू नये. दुसऱ्या बंदाखालचा अर्धा शिक्का गोल होता. तिसऱ्याच्या डोक्यावरचा चौकोनी होता. त्या चौकोनाचा दुसरा अर्धा त्यांना शेजारच्या गुंडाळीत मिळाला, रघुजी नावाच्या चौकीदाराच्या पत्रात. खळ वाळून बंद सुटले होते, रत्नाकरांनी ते झेरॉक्ससाठी एकत्र केले होते आणि परत लावताना फक्त समोरची बाजू वाचली होती. त्या तिसऱ्या बंदात कोणाचं नावच नव्हतं. सकवारबाईनं मागितलं होतं ते राहायला घर. चौकी राखली होती रघुजीनं.

कृष्णमूर्ती त्या खोलीत एकटेच हसले. किती वर्षांनी हसले कोण जाणे! सांगावं का, हा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि त्यांनी तो लगेच हाकलला. बंद खोलीत सांगितलं असतं तर रत्नाकरांनी मान डोलावली असती आणि पुढच्या आवृत्तीत स्वतःच्या नावानं दुरुस्ती केली असती. नाही, हे चारचौघांत व्हायला हवं होतं. ते तीन महिने गप्प बसले. चामडं कापलं, सोनेरी अक्षरं ठोकली, आणि ग्रंथ इतका देखणा बांधला की रत्नाकरांनीसुद्धा "वा" म्हटलं.

उद्घाटनाच्या दिवशी मधलं काचेचं कपाट त्यांनीच लावलं. उजवीकडे ग्रंथ, सकवारबाईच्या पानावर उघडा. डावीकडे मूळ पत्राचे तीन बंद, पालथे.

नरसिंहराव सत्तरीचे होते, जाड भिंगांचा चष्मा, आणि चालणं असं सावकाश की मागची सगळी मंडळी खोळंबावी. कपाटापाशी रत्नाकर पुढे झाले. "अरे, हे उलटे कसे ठेवलेत? कृष्णमूर्ती!"

"असू दे, असू दे," नरसिंहराव म्हणाले आणि काचेवर वाकले. बराच वेळ ते वाकलेलेच होते. मग म्हणाले, "डॉक्टर, हा खालचा बंद या पत्राचा नाही."

दालनात वनस्पतीशास्त्राच्या बाई होत्या, हेडक्लार्क होते, कुलगुरू होते. कृष्णमूर्ती खांबाला टेकून उभे होते आणि रत्नाकरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना डोळे भरून पाहत होते. असं सुख आयुष्यात पुन्हा मिळणार नाही हे त्यांना कळत होतं. ते पुरतं एक मिनिटही टिकलं नाही.

"सॉरी, सर," रत्नाकर म्हणाले. आवाज एकदम मऊ झाला होता. "झेरॉक्सचं आणि क्रम लावायचं काम मी एका विद्यार्थिनीकडे दिलं होतं. विश्वास टाकला, माझं चुकलं. शिवानी, जरा पुढे ये."

प्रबंधांच्या टेबलापासून शिवानी पुढे आली. छातीशी तिनं आपला प्रबंध धरला होता, लाल कापडी बांधणीचा. शिवण सैल होती, कृष्णमूर्तींना ती दुरूनही दिसली. मग पुठ्ठ्यावरची अक्षरं दिसली. सकवारबाई: चौकीवरील एक स्त्री अधिकारी.

कृष्णमूर्ती खांब सोडून पुढे झाले.

"खोटं आहे!" ते ओरडले. त्यांचा आवाज त्या दालनात याआधी कोणी ऐकलाच नव्हता. "ग्रंथ छापला तेव्हा ही पोर कॉलेजात होती. बंद तुम्ही सोडवलेत, तुम्हीच लावलेत. हिनं फक्त तुमच्यावर विश्वास ठेवला."

"तू गप्प बस, कृष्णमूर्ती."

"नाही बसणार. ऑक्टोबरात ग्रंथ उसवला तेव्हाच मला कळलं, शिक्के जुळत नाहीत ते."

हे बोलून गेल्यावर ते काय बोलले ते त्यांना ऐकू आलं. शिवानी त्यांच्याकडे वळली. रत्नाकरांकडे तिनं इतका वेळ जसं पाहिलं होतं, अगदी तसंच तिनं बापाकडे पाहिलं.

"ऑक्टोबरात, अण्णा?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"मी टाइप करायला बसले दिवाळीनंतर. दीडशे पानं. तुम्ही चार हातांवर बसलेले असायचा."

"तुझा विषय मला ठाऊक नव्हता, मगा, पोरी. तू सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाही."

कुलगुरूंनी घड्याळ पाहिलं आणि मंडळींना काचेच्या नळकांड्यांकडे वळवलं. विद्यापीठातली माणसं अशा वेळी फार चपळ असतात. मागे राहिले चौघं. नरसिंहरावांचं या भांडणाकडे लक्षच नव्हतं. त्यांनी खिशातून डायरी काढली होती आणि पेनचं टोपण उघडलं होतं.

"शिक्क्यांवरून आपण ओळखलंत? फार उत्तम. अहो, असं पालथं पाहणारी माणसं राहिली नाहीत. मी यावर एक टिपण छापणार आहे. शोध आपला, आपल्याच नावानं जाईल. सकवारबाईबद्दल जे जे लिहिलं गेलंय ते सगळं रद्द धरावं लागेल, त्याला इलाज नाही. आपलं पूर्ण नाव?"

"सांगा ना, कृष्णमूर्ती," रत्नाकर म्हणाले. चोरी पकडली गेलेला माणूस दुसऱ्या चोराकडे पाहून हसतो तसे ते हसत होते. "सांगा पूर्ण नाव. एवढ्यासाठीच केलंत ना?"

त्यांनी पहिल्यांदाच अहो-जाहो केलं होतं. आणि त्याचं उत्तर हो असंच होतं.

शिवानीनं प्रबंध पिशवीत घातला. "सांगा, अण्णा," ती म्हणाली. "खरंच आहे ते. खरं ते छापायलाच हवं." तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच कृष्णमूर्तींना सोसवेना. ती पिशवी खांद्याला लावून मधल्या वाटेनं, वनस्पतीशास्त्राच्या बाईंच्या रंगवलेल्या फुलांजवळून, दाराकडे निघाली.

कृष्णमूर्तींना तिच्यामागे जायचं होतं. नरसिंहराव पेन धरून थांबले होते. म्हातारा माणूस, किती वेळ थांबवणार?

"कृष्णमूर्ती राव," ते म्हणाले. "चामराजपेट."

नरसिंहरावांनी ते सावकाश, वळणदार अक्षरात लिहून घेतलं आणि बरोबर आहे ना म्हणून डायरी त्यांच्यासमोर धरली. कृष्णमूर्तींनी ती वाचून बरोबर आहे म्हणून सांगितलं. मान वर केली तेव्हा दारात कोणी नव्हतं.