बुडितातलं टिनाचं घर

संग्रामपूरच्या वरतं, सातपुड्याच्या पायथ्याशी धरणाची बोलवा उठली, अन् बुडणाऱ्या वावरांत रातोरात घरं उगवली. सगळी टिनाची. आत मानूस नाही, दारात कुत्रं नाही. घराचा मोबदला वेगळा भेटते म्हणून हा खटाटोप. सहदेवनंही एक ठोकलं.

राहतं दिसावं म्हणून त्यानं मेलेल्या मायची चूल मांडली, तिचं लुगडं दोरीवर टाकलं, तिचा कोरडा माठ कोपऱ्यात ठेवला. माय, शालूबाई, जलमभर कोसावरून पाणी वाहून वाहून मान वाकडी करून गेलती. आता खालच्या गावात सहदेवची बहीण वंदना तेच करे. धरण झालं त तिच्या दारापर्यंत पाट येणार होता.

"मेलेल्या मानसाले साक्षीले उभं करता काय?" बायको जयमाला म्हणाली.

"तुही साडी टाकू का मंग?"

पुढच्या हप्त्यात जाऊन पाह्यलं, त लुगड्याची घडी झालेली. अंगण झाडलेलं. चुलीतली राख कोमट. जयमाला म्हणे, म्या तिकडं पायही नाही ठेवला. गुराखी असन, असं सहदेवनं मनाले समजावलं, पण येता येता मागं वळून काही पाह्यलं नाही.

मंग समता मॅडम आल्या. धरण परवडते का नाही, हे पाहायचं काम त्यायचं. भर दुपारी त्या टिनात शिरल्या.

"दादा, एका बाजूले धरणाचा खर्च, दुसऱ्या बाजूले त्या पाण्यावर पिकणारं पीक. ही सगळी घरं खर्चात धरली त सरकार म्हणन, परवडत नाही, राहू द्या. इथं सगळे 'राहतो'च म्हणून राह्यले. एकानं खरं सांगितलं त मले सगळ्यायची फेरतपासणी लावता येते. तुम्ही राहता इथं?"

सहदेवनं 'हाव' म्हणाले तोंड उघडलं, तेवढ्यात मॅडमनं माठात गडवा बुडवला. बुडबुड वाजलं. त्या घटाघट प्यायल्या.

"गार हाये. इतक्या दुरून कोण आणते?"

सहदेव माठाकडं वळला. माठाशेजारी मायची चुंबळ पडली होती, डोक्यावर हंड्याखाली ठेवाची ती. ओलीचिंब. ती चुंबळ त्यानं आपल्या हातानं मायच्या सरणावर ठेवली होती.

"मी नाही राहत, मॅडम. कोणीच नाही राहत. घर खोटं हाये, तसंच लिहा."

"मंग पाणी कोणं भरलं?"

"तिले सवय हाये," तो म्हणाला.

फेरतपासणी झाली, खोटी घरं कटली, धरण परवडलं. शेजाऱ्यायनं सहदेवशी बोलणं सोडलं. टिनं उतरवाले तो एकटाच गेला. चूल घेतली, लुगडं घेतलं. माठ उचलाले गेला, त तो काठोकाठ.

"ठेव ना आता खाली, माय," सहदेव म्हणाला. "पाट येऊन राह्यला."

माठ त्यानं तिथंच सोडला, उघड्या वावरात, उन्हात. धरणाले अजून वेळ हाये. माठ भरलेलाच असते.