जिभेवर लावलेला सेल

"सेल नवा की संपलेला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"संपलेला," घड्याळवाला म्हणाला. "गाडीच्या चावीतला. मी जिभेला लावून बघितला ना. नुसती बारीक झिणझिण होती."

"चावी चालत नाही म्हणून सेल मेला असं नसतं. घसा जाळायला तेवढा पुरतो."

उजेडाच्या काचेवर चिमीच्या छातीचा फोटो लावला होता. चार वर्षांच्या बरगड्या, काडेपेटीतल्या काड्यांसारख्या. त्यांच्या वर, गळ्याखाली, कोटाच्या बटणाएवढा पांढरा गोल.

"जिभेला कशाला लावता? मीटर नाही?"

"आहे. मीटर ड्रॉवरमध्ये असतो, जीभ तोंडातच असते."

दुसऱ्या कुठल्या दिवशी याला कुणी हसलं असतं. वीस वर्षं घड्याळं, रिमोट आणि चाव्या दुरुस्त करणाऱ्या या माणसाने रोज पन्नास सेल जिभेला लावले होते. आज बालवाडीला सुट्टी म्हणून चिमी दुकानात बसली होती. बाप करतो ते तिने केलं. पोरं सांगितलेलं शिकत नाहीत, बघितलेलं शिकतात, आणि तेही आपण लपवायला हवं होतं नेमकं तेच.

"गिळून किती वेळ झाला?"

बायको शेजारीच उभी होती. शिवणकारखान्यातून तशीच धावत आलेली, अंगावर एप्रन, एप्रनला निळे दोरे.

"अर्धा तास," तो म्हणाला.

थाप होती. माणूस दर वेळी दुष्टपणानेच खोटं बोलतो असं नाही. बायको समोर असते म्हणूनही बोलतो, आणि ते काही कमी नीच नसतं.

"मग दुर्बिणीने काढू. वीस मिनिटांचं काम," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि चिमीला आत नेलं.

तो बाकावर बसला, उठला, पाण्याच्या नळापर्यंत गेला, पाणी न पिताच परत आला. खिडकीतल्या कारकुनाने त्याला गाठलं.

"फॉर्म अर्धाच भरलाय. व्यवसाय?"

"मुलगी आत आहे हो."

"आतच आहे ना, पळून जात नाही. व्यवसाय सांगा."

"घड्याळदुरुस्ती."

अकरा वाजता चिमी खोकली होती. मग रडली, गळ्याला हात लावून "बाबा, इथे इथे" म्हणाली. तोंडातून लाळ गळत होती. गिऱ्हाईक घाईत होतं. तो म्हणाला होता, "नाटकं पुरे. गप बस." आणि ती शहाण्यासारखी गप बसली. दीड वाजता डबीत एक सेल कमी दिसला तेव्हा कुठे त्याला उजेड पडला. आता भिंतीवर दोन वाजले होते.

आतलं दार उघडलं. नर्स कुणाला तरी सांगत होती, "सर्जन घरी निघालेत, जाऊ द्या त्यांना. अर्ध्या तासाचीच केस आहे, गरज नाही पडणार."

बायकोने डोळे मिटून श्वास सोडला. "नशीब," ती म्हणाली, "वेळेवर लक्ष गेलं तुमचं."

तो उठला.

"सिस्टर, त्यांना थांबवा. अकराला गिळलाय."

"कोण म्हणतं?"

"मी. बाप. खोटं बोललो मघाशी."

नर्सने त्याच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही, ती धावत सुटली. त्या धावण्याने त्याला जे कळायचं ते कळलं.

बायको हळू आवाजात म्हणाली, "फोनवर मी विचारलं, तेव्हा 'आत्ताच' म्हणालात."

"हो."

"ती रडली नाही?"

"रडली. मी गप केली."

ती एप्रनचा एकेक दोरा ओढून काढत राहिली. शेवटी दोरे संपले, मग ती नखं खरवडू लागली. तो उभाच राहिला. बसायचा हक्क गेल्यासारखा.

सर्जन फाटकातून परत आले होते. सेल निघाला. अन्ननळी आतून काळी पडली होती, पण फाटली नव्हती. "अजून फाटू शकते," सर्जन म्हणाले. "दहा दिवस तोंडाने पाण्याचा थेंबही नाही. पुढे नळी आखडली तर पुन्हा यावं लागेल, कदाचित खूपदा." धीर द्यायच्या भानगडीत ते पडले नाहीत. बरं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमीच्या नाकातून पोटात बारीक नळी गेली होती. नर्सने आईला शिकवलं, इंजेक्शनच्या पिचकारीचं रिकामं नळकांडं नळीला जोडायचं, वर धरायचं, दूध आपसूक उतरू द्यायचं, दाबायचं नाही. आईने धरलं. रात्रभर न झोपलेला तो हात थरथरला, दूध काठावर आलं.

कालपासून ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती. आताही तिने त्याच्याकडे बघितलं नाही. नळकांडं फक्त त्याच्या बाजूला केलं.

"धरा."

त्याने धरलं.

"आणखी वर. हलवू नका."

दूध रेघेरेघेने खाली उतरू लागलं. त्याचा दंड भरून आला, पण हात हलला नाही. चिमी दुधाकडे टक लावून बघत होती. एकेक रेघ उतरली की कोरड्या ओठांनी रिकामाच घोट घेत होती.