ट्रान्सफॉर्मरची पट्टी

मी तोंडाळ आहे. आईच्या मते जन्मापासूनच. त्यामुळे अरेरा कॉलनीतल्या घशाच्या डॉक्टरीणबाई "बेटा, अब चुप. बिल्कुल चुप," म्हणाल्या, तेव्हा आईने पदर तोंडाला लावला. त्या पदराआड ती जराशी हसली असणार, असा माझा अजून संशय आहे. मग रिक्षात बसल्यावर रडली.

माझ्या स्वरतंतूवर गाठ होती. ती काढली. पण आवाज कसा येईल, येईल की नाही, हे काही बाईंनी सांगितलं नाही. "देखते हैं," एवढंच. मी शाळेत मुलांना हिंदी शिकवायचे ते पोटासाठी, पण मी होते ती गाणारी. त्या 'देखते हैं'ला माझा सगळा जीव टांगलेला, आणि वर बोलायचीही बंदी. चिडायचं म्हटलं तरी आवाज लागतो हो. गप्प बसून माणूस किती चिडू शकतो, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं.

आमच्या बँडचं नाव 'जनरल शिफ्ट'. केशव गिटारवर, बाळू ड्रमवर आणि गळा माझा. केशव आणि बाळू दोघे कारखान्यात, दोघांची जनरल शिफ्ट. म्हणजे सकाळी भोंग्याला जायचं, संध्याकाळी भोंग्याला यायचं आणि मग वाजवायला मोकळं. नाव ठेवायला एवढंच डोकं चालवलं होतं. आम्ही मराठीत रॉक गायचो, तेही भोपाळात, पिपलानीच्या टाउनशिपमध्ये. गणपतीत मंडळाने आम्हाला स्टेज दिलं तेव्हा पहिल्या रांगेतले सगळे काका कानात बोटं घालून बसले होते. उठून मात्र कुणी गेलं नाही, प्रसाद शेवटी होता.

तालीम आमच्या क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात चालायची. मागे दोन पेरूची झाडं, मग तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडे सबस्टेशनचा मोठा ट्रान्सफॉर्मर. तो दिवसरात्र घूं करायचा. मी त्या घूंमध्ये रांगले, त्यातच पाढे पाठ केले. लहानपणी मला वाटायचं, जगात सगळीकडे असाच आवाज असतो. पहिल्यांदा साताऱ्याला आजोळी गेले तेव्हा मला झोप येईना. काहीतरी बंद पडलंय, असं वाटत राहिलं.

सुरुवातीला केशव मंडळाच्या पेटीवरून गिटार लावायचा. वाजवायला लागलो की दाताखाली खडा यावा तसं व्हायचं. पेटी एक म्हणायची, ट्रान्सफॉर्मर दुसरंच, आणि ट्रान्सफॉर्मर काही आमचं ऐकणार नव्हता. एके दिवशी केशवने कंटाळून गिटारची तार थेट त्या घूंशी जुळवली. मी गायले, आणि पायाखाली सतरंजी घातल्यासारखं वाटलं. पेटी मंडळाला परत गेली. दुसऱ्या कुठल्या बँडने असला वेडेपणा केला असेल असं मला वाटत नाही. आम्हाला मात्र त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

एक भानगड होती. घूं रोज एकसारखा नसायचा. उन्हाळ्यात दिवेलागणीला टाउनशिपचे सगळे कूलर एकदम सुरू झाले की विजेवर भार पडायचा आणि आवाज किंचित खाली उतरायचा. माझे बाबा आयुष्यभर कारखान्यात ट्रान्सफॉर्मर जोडत आलेले. ते अंगणात पाणी मारता मारता मान वाकडी करून ऐकायचे आणि म्हणायचे, "आज दमलाय." मग केशव तारा थोड्या ढिल्या करायचा. त्यामुळे आमचं प्रत्येक गाणं त्या त्या संध्याकाळच्या पट्टीत होतं. टेपवरही तसंच भरलेलं.

मेमध्ये आमचा दौरा ठरला होता. इंदूर, उज्जैन, नागपूर, पुणे. माझ्या शाळेला सुट्टी, आणि केशव-बाळूने गावी जायची एलटीसी, म्हणजे कारखान्याकडून मिळणारं रजेतलं प्रवासभाडं, घेतलेली. सरकारी भाड्यात रॉकचा दौरा, ही आयडिया बाळूची. पण एलटीसी म्हटली की घरचे आलेच. बाळूचं गाव नागपूर, म्हणून त्याची आई मनोरमाकाकू आमच्याबरोबर निघणार होती. होल्डॉल बांधून तयार होता, लोणच्याची बरणी फडक्यात गुंडाळलेली होती, आणि काकूंनी डबाभर चकल्या तळल्या होत्या. मग माझा घसा बसला, बसलेला उठेना, आणि गाठ निघाली. दौरा रद्द झाला. काकूंनी त्या चकल्या लग्न मोडल्यावर लाडू वाटावेत तशा गल्लीत वाटल्या. लोक घेताना आवाज खाली करून "कशी आहे आता?" विचारायचे, आणि मी खिडकीत उभी राहून ऐकायचे.

ते दिवस मला धड आठवत नाहीत, पण विसरलेही नाही. दुपारी आई वाळ्याच्या पडद्यावर पाणी शिंपडायची आणि खोली हिरवट काळोखाची व्हायची. मी जमिनीवर पडून राहायचे. पंखा, घूं, लांबून मंडीदीपकडे जाणारी गाडी. मधेच झोप लागायची आणि झोपेत मी गात असायचे. कधी सबस्टेशनच्या आत उभी राहून, कधी पाण्याच्या टाकीवर बसून. तोंड उघडलं की आवाज सहज यायचा. जागी झाले की हात आधी गळ्याकडे जायचा. मला फार भीती वाटायची. लग्न, नोकरी, काही नसलं तरी चालेल, पण आवाज हवा, असं मी देवाला मनातल्या मनात सांगायचे, तेही भांडणाच्या सुरात.

केशव रोज संध्याकाळी येऊन बसायचा. एकदा म्हणाला, "वंदू, दौरा गेला तर गेला. आपल्या टेपा आहेत ना. अल्बम काढू."

मी पाटीवर लिहिलं, 'काढ.' त्या पाटीवरच माझं सगळं बोलणं चालायचं.

तो टेपा घेऊन इंदूरच्या एका स्टुडिओत गेला आणि परत आला तो लग्न ठरल्यासारख्या चेहऱ्याने. नमुन्याची कॅसेट घेऊन आला होता. आमच्या बैठकीत बाबा, आई, बाळू, सगळे बसले. केशवने टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं.

गिटार स्वच्छ होती. ड्रम स्वच्छ. घूं कुठेच नव्हता. आणि त्या स्वच्छ, रिकाम्या जागेत एक मुलगी गात होती. ती माझी चुलत बहीण असती तर मी मान्य केलं असतं. माझेच शब्द, माझ्याच जागा, पण आवाज एका गाण्यात बारीक आणि लाडिक, तर दुसऱ्यात जाडसर आणि सुस्त.

"स्टुडिओवाला म्हणाला, तुमची गाणी पेटीच्या कुठल्याच पट्टीत बसत नाहीत," केशव कौतुकाने सांगत होता. "मग त्याने एकेक टेप थोडी जलद, थोडी सावकाश फिरवून सगळी सरळ करून दिली. आणि घूं काढून टाकला. म्हणे, इतका वेळ याच्यातच गेला."

"एकदम क्लियर आहे यार," बाळू म्हणाला.

मी पाटीवर लिहिलं, 'ही मी नाही.'

केशव हसला. "अगं, स्वतःचा आवाज सगळ्यांनाच परका वाटतो."

मी अक्षर मोठं करून परत तेच लिहिलं. खडू मोडला.

"वंदू, उद्या सकाळी कॉप्या निघायला लागतील. चांगलं झालंय, विश्वास ठेव. आणि तू गायला लागलीस की आपण हवं तर परत भरू ना."

आईने पंख्याकडे पाहिलं. 'देखते हैं' सगळ्यांना माहीत होतं. मी परत गायलेच नाही, तर माझा म्हणून जगात जेवढा आवाज उरणार तो या कॅसेटवरचा, आणि तो माझा नव्हता. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की तोंड उघडून ओरडणारच होते. आईने माझा दंड घट्ट धरला. "बोलू नकोस. वंदना, हात जोडते."

मी नाही बोलले. टेपरेकॉर्डर उचलला, स्वयंपाकघरातल्या फळीवरून आमची जुनी, घरात भरलेली कॅसेट घेतली आणि मागच्या दाराने निघाले. मागून बाबांचा आवाज आला, "अगं, सेल आहेत का त्यात?" सेल होते.

दिवेलागण व्हायची होती. आभाळ धुळीने पिवळं झालेलं. कुंपणापाशी पाण्याच्या नालीवर सिमेंटची फरशी होती, तिच्यावर टेपरेकॉर्डर ठेवला. केशव मागोमाग आला, त्याच्या मागे बाळू. मी हाताने सांगितलं, बसा. आणि थांबले.

मला जे गाणं ऐकवायचं होतं ते आम्ही गेल्या मेमध्ये भरलं होतं, अशाच गरमीत, कूलर लागल्यावर. म्हणून थांबणं भाग होतं. एकेका क्वार्टरमध्ये दिवा लागत गेला. समोरच्या लायनीत कूलर खडखडले, मग मागच्या. हळूहळू, कुणी उशी सारखी करून टेकावं तसा घूं खाली उतरला आणि स्थिरावला.

मग मी इंदूरची कॅसेट लावली.

गिटारचा पहिला सूर आणि ट्रान्सफॉर्मर एकमेकांना घासले. हवेत वांव वांव असं काहीतरी डुलायला लागलं. त्यावर ती चुलत बहीण गात होती, तिला बिचारीला कळतच नव्हतं आपण कुठे उभ्या आहोत ते. बाळूने तोंड वाकडं केलं. मी कॅसेट काढली, जुनी लावली. तेच गाणं.

गिटार आली आणि घूंमध्ये मिसळून गेली. कॅसेटमधला घूं कुठला आणि कुंपणापलीकडचा कुठला, कळेना. टेपरेकॉर्डर केवढासा, पण वाटलं सगळं सबस्टेशनच वाजतंय. आणि मग मी आले. माझा आवाज. गेल्या वर्षीचा, निरोगी, थोडा उद्धट. पेरूच्या झाडांखालून तो आमच्यापर्यंत आला आणि मला रडू फुटलं. रडायलासुद्धा आवाज करायचा नव्हता, म्हणून तोंडावर हात धरून रडले.

केशव नालीच्या कडेला मातीतच बसला होता. गाणं संपलं तरी बसून राहिला.

"मला वाटलं, मी सुधारून आणलं," तो म्हणाला.

मी मान हलवली. कशासाठी ते मलाच ठाऊक नाही.

तो उठला, पँट झटकली आणि इंदूरला फोन लावायला मार्केटमधल्या एसटीडी बूथकडे जवळजवळ पळतच गेला. बाळू म्हणाला, "केशव, रुक, मैं भी," आणि त्याच्या मागे पळाला. मी एकटीच उरले. कॅसेट उलटी करून लावली आणि दुसरी बाजूही ऐकली. ती गाणी वेगळ्या दिवसांची होती, जरा जरा घासत होती. मला त्याचंही बरं वाटलं.

अल्बम जूनमध्ये निघाला, पाऊस यायच्या आधी, घूंसकट. मंडळाच्या हॉलमध्ये सतरंज्या घातल्या, मनोरमाकाकूंनी परत चकल्या केल्या. मी स्टेजवर खुर्चीत गप्प बसले आणि माझा आवाज स्पीकरमधून गायला. चार इमलीच्या सरकारी बंगल्यांतून आलेल्या एका साहेबांनी दुसऱ्याच दिवशी कॅसेट परत पाठवली, आत काहीतरी घूं घूं वाजतंय म्हणून. अरेरा कॉलनीतल्या दुकानदारानेही निरोप धाडला की माल खराब आहे. पण आमच्या टाउनशिपमध्ये एकाचीही तक्रार आली नाही. बाबांनी कॅसेट मन लावून तीनदा ऐकली आणि विचारलं, "सगळे म्हणताहेत तो आवाज आहे कुठे?"

पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी घशात आरसा घालून पाहिलं आणि म्हणाल्या, "अब बोलो, आ."

मी आ म्हटलं. माझ्या तोंडातून कुणा वयस्क बाईचा आवाज आला, खरखरीत आणि खोल. बाईंनी आणखी वर न्यायला सांगितलं. वर काही नव्हतं. जिना चढताना पुढची पायरीच नसावी तसं झालं. "ऊपर का सुर शायद न लौटे, बेटा," बाई म्हणाल्या, आणि माझ्या गालाला हात लावला. येताना रिक्षात आई बोलत राहिली आणि मी गप्प बसले. आता बोलायची परवानगी होती, तर बोलावंसं वाटेना.

संध्याकाळी व्हरांड्यात केशव गिटार पुसत होता. त्याने विचारलं नाही. आईने सांगितलं असणार. बाबा अंगणात पाणी मारत होते आणि भिजलेल्या मातीचा वास येत होता. मी कुंपणापाशी जाऊन उभी राहिले. ट्रान्सफॉर्मर आपला घूं करत होता, नेहमीच्या जागी. मी त्याच्याबरोबर हळूच सूर लावून पाहिला. माझा आवाज त्याच्या थोडा खालीच अडला. पुन्हा लावला. पुन्हा तिथेच. पूर्वी हाच सूर मी झोपेत लावला असता. मला स्वतःची कीव आली आणि रागही आला.

मग दिवे लागले. समोरची लाईन, मागची लाईन. कूलर खडखडायला लागले, त्या दिवशी गरमी भयंकर होती. घूं उतरायला लागला. उतरता उतरता तो माझ्यापाशी आला आणि थांबला. मी आ केलं. खरखरीत, जाड, पण त्यात तो आणि मी वेगळे ऐकू येत नव्हतो. मी श्वास संपेपर्यंत धरून ठेवलं. मागे केशवने काही न विचारता तारा ढिल्या करायला घेतल्या, ते मला ऐकू आलं.

बाबांनी पाण्याचा पाइप खाली ठेवला, मान वाकडी केली.

"आज फारच दमलाय," ते म्हणाले.

"असू दे, बाबा," मी म्हटलं. गाठ काढल्यापासूनचं माझं पहिलं वाक्य. "मला तिथवर येतंय."