कात्रीचा मान

मी अंगुस्तान बोलतोय. सुई बोटात घुसू नये म्हणून शिंपी मधल्या बोटावर घालतात, ती पितळी टोपी. टोचून घेणं हाच माझा धंदा.

या शिंप्यांच्या घरात एक रीत होती. मी ज्याच्या बोटाला घट्ट झालो, त्याला मोठी कात्री मिळायची. "कामाने बोट भरलं, आता हा कापड बेतणार!" आजोबांचं बोट असंच भरलं. पुढे हातपाय थोराड झाले, जबडा पुढे आला, आणि डोकेदुखीने हैराण होऊन ते अकाली गेले. कुणाला शंकासुद्धा आली नाही. त्यांच्या मुलाचं बोट काही भरेना. बिचारा काजं-बटणं करताकरताच पिकला. कात्री पटकावली त्याच्या बहिणीने. घरची आत्या ती. तिचा तोरा काय वर्णावा!

हल्ली आत्या येताजाता दाराच्या चौकटीला धडकायची. "मी आपली नाकासमोर चालणारी," म्हणून हसायची. चष्मा करायला गेली, तर डॉक्टरांनी डोक्याचा स्कॅन करायला लावला. मेंदूच्या तळाशी पीयूषिका नावाची इवलीशी ग्रंथी असते, तिच्यात गाठ निघाली. वाढीचं संप्रेरक भसाभस सोडणारी, आणि डोळ्यांच्या नसा दाबणारी.

आत्या घरी परतली, तेव्हा भाचीच्या बोटातून मला साबण लावून काढणं चाललं होतं. तिचा बाप, म्हणजे आत्याचा भाऊ, कौतुकाने कात्री घेऊन उभा. आत्याने ती हिसकावूनच घेतली.

"आत्या, आता माझा मान आहे ना?" भाचीचे डोळे भरले.

"मान कसला गं, आजार आहे तो! डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाची बोटं वाढली? आणि मी मेली अभिमानाने सांगत बसले. उद्या चल माझ्याबरोबर."

"पण मला कुठे काय झालंय?" भाऊ गांगरला.

"तुला झालं नाही, तरी तुझ्यातून तिच्यात उतरू शकतं म्हणे."

भाचीची गाठ लहानच होती, वेळेवर सापडली. नाकावाटे काढली. आत्याचीही काढली, पण तिची कडेची नजर गेली ती गेलीच.

'आमच्या घराण्यात असंच असतं' म्हणून तुम्हीही काही मिरवत असाल, तर बाबांनो, एकदा डॉक्टरांना विचारा. मी पितळेचा तुकडा, मला तेव्हा सांगता आलं नाही.

परवा भाचीने मला पुन्हा बोटात घातलं. सूज उतरली होती. मी सैल झालो, घसरलो आणि खणकन खाली पडलो. पडल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता!

मी आत्याच्या पायाशीच, जरा कडेला होतो. ती मात्र समोर बघत विचारत राहिली, "पडलं का गं? खरंच पडलं?"