खांद्यावर दोन बोटं

पक्ष्यांच्या बाबतीत विजयकुमार म्हणजे निव्वळ हुकूमशहा. तांबरमच्या बँकेतून निवृत्त झाल्यापासून चेन्नईत जिला थंडी म्हणतात ती पडली, की दुर्बीण गळ्यात अडकवून ते पहाटे अड्यार नदीच्या मुखाशी हजर. बरोबर बायको, विद्युलताबाई. वाळूत बसलं की बोलायचं नाही, खोकायचं नाही. काही दिसलं तर खांद्यावर दोन बोटं टेकवायची, बस्स. बाई बिचाऱ्या नियम पाळायच्या. तलवार बदकं बहुतेकदा आधी त्यांनाच दिसत, पण हे साहेब चारचौघांत कबूल करतील तर शपथ!

त्या वर्षी बाईंच्या हृदयाचं दुखणं निघालं. "छातीत जरा दुखलं तरी लगेच सांगायचं, अंगावर काढायचं नाही," डॉक्टरांनी दोघांनाही बजावलं होतं.

"आज नको गेलं तर?" त्या सकाळी त्या म्हणाल्या. "जीव घाबराघुबरा होतोय."

"अगं, मोठा काळ्या डोक्याचा कुरव उतरलाय! आपल्या पक्षीमंडळातल्या व्यंकटेशनं स्वतः पाहिलाय. किती वर्षं वाट बघतोय मी! चल, मोकळ्या हवेत बरं वाटेल तुला."

त्यांनी मुकाट्यानं साडीवर स्वेटर चढवला.

आणि खरंच, साध्या कुरवांच्या गर्दीत तो उभा होता, पाटलासारखा ऐसपैस. विजयकुमारांनी श्वास रोखला. मागून खांद्यावर दोन बोटं टेकली.

"दिसला, दिसला," दुर्बीण न काढता ते कुजबुजले.

बोटं पुन्हा आली. या खेपेला त्यांनी शर्ट मुठीत धरला. हिलाही एवढा आनंद झालाय, या विचारानं त्यांना भरून आलं.

"हळू गं, उडवशील."

मूठ सुटली. त्यांनी तो पक्षी पोटभर पाहिला. पिवळी चोच, डोक्यावर चढत चाललेला काळा रंग, सगळं. एवढं सुख त्यांना कधी झालं नव्हतं. मग दुर्बीण तिला द्यायला ते वळले.

बाई कुशीवर पडल्या होत्या. कण्हण्याचा आवाज होऊ नये म्हणून त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला होता. डोळे उघडे होते, पण त्यांत ओळख नव्हती.

"विद्युलता!"

सगळे कुरव एकदम उडाले, तोही उडाला. विजयकुमारांनी वर पाहिलं नाही. बायकोचं डोकं मांडीवर घेऊन ते ओरडतच राहिले. आता कितीही ओरडलं तरी उडून जायला तिथं काही उरलं नव्हतं.